कोळसा उगाळणारी मुलगी

कोळसा उगाळावा तितका काळाच, अशी आपल्याकडे म्हण आहे. माणसांच्या बाबतीत ती खरी की खोटी ते ज्याचं त्याने ठरवावं. पण कोळशाच्या बाबतीत ती फारशी खरी नाही! एका मुलीने ऐन तारुण्यातली आठ वर्षं कोळसा उगाळण्यात घालवली आणि वरून काळं दिसणारं सगळं आतून सारखं नसतं हे आकडेवारीनिशी सिद्ध करून दाखवलं. त्या मुलीचं नाव रोझालिंड फ्रँकलिन.

नाव ओळखीचं वाटतंय ना? ज्यांनी बारावीला बायोलॉजी घेतलं होतं त्यांना डीएनएच्या धड्यामुळे माहीत असेल. बाकीच्यांनी एखाद्या क्विझमध्ये ऐकलं असेल. डीएनएचा तो प्रसिद्ध एक्स-रे फोटो जिच्या हाताखाली निघाला ती, आणि जिला नोबेल मिळालं नाही ती. बस्स, एवढ्या दोन ओळींत तिचं आयुष्य संपवलं जातं. पण मित्रमैत्रिणींनो, ही बाई मुळात आपल्या खात्यातली होती, मटेरियलवाली होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? म्हणूनच हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मोठ्या माणसांविषयी लिहिताना अहो-जाहो करायची आपली पद्धत आहे. पण रोझालिंडने कोळशाचं काम सुरू केलं तेव्हा ती जेमतेम २२ वर्षांची होती, म्हणजे आपल्या फायनल इयरच्या ताईंच्या वयाची. त्यामुळे मी तिला ‘ती’च म्हणणार आहे.

रोझालिंडचा जन्म २५ जुलै १९२० रोजी लंडनमध्ये एका सधन ज्यू कुटुंबात झाला. घराण्याचा व्यवसाय बँकिंगचा. मुलींना फिजिक्स-केमिस्ट्री नीट शिकवणाऱ्या शाळा त्या काळी इंग्लंडमध्येही कमीच होत्या. तिची सेंट पॉल्स गर्ल्स स्कूल ही त्यांपैकी एक. तिथून १९३८ मध्ये ती केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाली. पुढच्याच वर्षी दुसरं महायुद्ध सुरू झालं. अशा वातावरणात तिने अभ्यास पूर्ण केला आणि १९४१ साली परीक्षा दिली. निकाल काय लागला? सेकंड क्लास! आणि गंमत म्हणजे केंब्रिज तेव्हा मुलींना परीक्षा देऊ द्यायचं, पण मुलांसारखी पूर्ण पदवी द्यायचं नाही. मुलींना नुसती नावापुरती पदवी. हा नियम १९४८ मध्ये बदलला.

नंतर एक वर्ष तिने केंब्रिजमध्येच प्रा. नॉरिश यांच्याकडे रिसर्च केला. नॉरिश यांना पुढे १९६७ साली नोबेल मिळालं, म्हणजे माणूस मोठाच. पण दोघांचं अजिबात जमलं नाही. गाईडशी न जमणं हा प्रकार किती जुना आहे बघा! त्यात युद्धामुळे प्रत्येकाला देशाच्या उपयोगी पडेल असं काहीतरी काम करणं भाग होतं. म्हणून १९४२ साली तिने ब्रिटिश कोल युटिलायझेशन रिसर्च असोसिएशन या संस्थेत नोकरी धरली. विषय कोळसा.

आता कोळसा हा काही स्वप्नात येणारा विषय नाही. पण युद्धाच्या काळात इंधन म्हणजे कोळसा, आणि गॅस मास्कमध्ये विषारी वायू शोषून घेणारा पदार्थ म्हणजेही कोळशाचाच भाऊबंद. रोझालिंड दिवसा प्रयोग करायची आणि शिवाय एअर रेड वॉर्डन म्हणून स्वयंसेवकाचं कामही करायची. बॉम्बहल्ल्याचा भोंगा वाजला की लोकांना सुरक्षित जागी नेणं ही वॉर्डनची जबाबदारी.

तिच्यापुढचा प्रश्न ऐकायला साधा होता. एक कोळसा वायू किंवा द्रव भरभर आत घेतो, दुसरा घेत नाही. असं का? रासायनिक पृथक्करण करून टक्केवारी काढली तर याचं पूर्ण उत्तर मिळत नव्हतं. रोझालिंडने कोळशाची घनता मोजायला घेतली. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान, हे सातवी-आठवीतलं ज्ञान. पण कोळशाला बारीक बारीक छिद्रं असतात, मग त्याचं खरं आकारमान मोजणार कसं? ज्या द्रवात तो बुडवू त्याचे रेणू छिद्रात शिरले तर एक उत्तर, बाहेरच अडकले तर वेगळं उत्तर. आपण अशा वेळी एररचा कॉलम भरून मोकळे झालो असतो. तिने मात्र या फरकाचंच मोजमाप केलं. हेलियमचा अणू अगदी लहान, तो जवळजवळ सगळीकडे शिरतो. मग त्यापेक्षा मोठ्या रेणूंचे पदार्थ घ्यायचे आणि कोण कुठवर आत जातो ते बघायचं. त्यातून निघालं असं की कोळशातल्या छिद्रांची तोंडं रेणूंच्याच मापाची अरुंद असतात आणि कोळसा जास्त तापवला की ती आणखी अरुंद होतात. म्हणजे कोळसा ही चक्क रेणू गाळणारी चाळणी आहे! लहान रेणू आत, मोठे रेणू बाहेर. या कामावर तिला १९४५ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. तेव्हा वय २५ सुद्धा पूर्ण नव्हतं किंवा नुकतंच झालं होतं.

पण छिद्रं अशी का तयार होतात, हे समजायला अणूंच्या पातळीवर जायला हवं होतं. इथे फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीची थोडी उजळणी करू या. (सर आणि मॅडम, तुम्ही हा परिच्छेद सोडून दिलात तरी चालेल.) हिराही कार्बन आणि शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइटही कार्बन. हिऱ्यात प्रत्येक अणू चार दिशांना चार शेजाऱ्यांशी घट्ट कोव्हॅलंट बंधाने बांधलेला असतो. सगळीकडून पक्की वीण, त्यामुळे हिरा कमालीचा कठीण. सगळे इलेक्ट्रॉन बंधांत अडकलेले, त्यामुळे तो वीज वाहून नेत नाही. ग्रॅफाइटमध्ये प्रत्येक अणू तिघांशीच बांधलेला. षटकोनांचे सपाट थर तयार होतात, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. थरातल्या दोन अणूंमधलं अंतर १.४२ अँगस्ट्रॉम, पण दोन थरांमधलं अंतर ३.३५ अँगस्ट्रॉम. थराच्या आत बंध भक्कम आणि थराथरांमध्ये नुसतं कमजोर आकर्षण. म्हणून थर एकमेकांवरून घसरतात आणि पेन्सिल कागदावर उमटते. चौथा इलेक्ट्रॉन थरात मोकळा फिरतो, म्हणून ग्रॅफाइट वीज वाहून नेतं. अणू तोच, वागणूक मात्र दोन टोकांची! वायवाला हमखास विचारला जाणारा हा प्रश्न.

पण हिरा आणि ग्रॅफाइट ही झाली नीटनेटकी मंडळी. कोळसा, कोक, लाकडाचा किंवा साखरेचा कार्बन यांच्यात अशी शिस्त नसते. क्ष-किरण टाकले की नीट स्फटिकातून स्वच्छ ठिपके मिळतात, यांच्यातून मिळतात ते पुसट, पसरट पट्टे. त्यामुळे बरेच जण या वाटेला जायचेच नाहीत.

केंब्रिजमध्ये असताना रोझालिंडची आद्रिएन वेइल या फ्रेंच बाईंशी मैत्री झाली होती. त्या मेरी क्युरींच्या विद्यार्थिनी. त्यांच्या ओळखीने १९४७ मध्ये रोझालिंडला पॅरिसच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत जागा मिळाली. सेन नदीच्या काठावर असलेल्या या लॅबमध्ये जाक मेरिंग अव्यवस्थित पदार्थांवर क्ष-किरणांचं काम करत होते. पुसट चित्रातूनही गणिताच्या जोरावर माहिती कशी काढायची हे ती तिथे शिकली. तिच्या आयुष्यातली ही सर्वांत आनंदाची वर्षं होती असं तिचे चरित्रकार मानतात. फ्रेंच तिला छान यायचं. सुट्टी मिळाली की पाठीवर सॅक टाकून आल्प्समध्ये ट्रेकला जायचं, हा तिचा आवडता उद्योग.

इथेच तिने तो प्रयोग केला ज्याच्यामुळे कार्बनवाले आजही तिचं नाव घेतात. निरनिराळ्या पदार्थांपासून तयार केलेले कार्बन घ्यायचे, १००० पासून थेट ३००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे आणि क्ष-किरणांनी आत काय घडतंय ते बघायचं. तोपर्यंतची साधारण समजूत अशी, की पुरेसं तापवलं की कुठल्याही कार्बनचं हळूहळू ग्रॅफाइट होणार. रोझालिंडला दिसलं वेगळंच. काही कार्बनचे थर तापल्यावर वाढत गेले, एकमेकांवर नीट बसत गेले आणि त्यांचं ग्रॅफाइट झालं. काही कार्बन मात्र ३००० अंशांनाही बधले नाहीत!

तिच्या नमुन्यांपैकी दोन तर सख्खे भाऊ शोभावेत असे होते. एक पीव्हीसीपासून केलेला, म्हणजे आपल्या पाइपांचं प्लास्टिक. दुसरा पीव्हीडीसीपासून केलेला. दोघांत फरक एवढाच, की साखळीच्या प्रत्येक कडीत पीव्हीसीकडे क्लोरीनचा एक अणू असतो आणि पीव्हीडीसीकडे दोन, म्हणजे हायड्रोजनचा एक अणू कमी. तापवल्यावर दोघांतूनही हायड्रोजन क्लोराइड निघून जातं. पण पीव्हीसीमध्ये मागे थोडा हायड्रोजन शिल्लक राहतो, पीव्हीडीसीमध्ये जवळजवळ कार्बनच उरतो. हायड्रोजन शिल्लक असला की तो पदार्थ मऊ पडतो, थरांना हलायला वाव मिळतो आणि ते शेजारी शेजारी, जवळजवळ समांतर मांडले जातात. पुढे तापमान वाढलं की ग्रॅफाइट तयार. हायड्रोजन कमी असला, किंवा साखरेसारखा ऑक्सिजन भरपूर असला, तर कमी तापमानालाच छोट्या छोट्या थरांमध्ये आडवे बंध तयार होतात. थर वेडेवाकडे असतानाच एकमेकांना जखडले जातात. नंतर कितीही जाळ लावा, ते सरळ होत नाहीत. मधे पोकळ्या राहतात, म्हणून हा कार्बन हलका, सच्छिद्र आणि तरीही कठीण. पहिला मात्र मऊ आणि जास्त घनतेचा.

म्हणजे भट्टी कितीही मोठी असो, पदार्थाचं भवितव्य सुरुवातीला कुठले बंध जुळले यावर ठरलेलं असतं. १९५१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हा पेपर छापून आला. ग्रॅफाइट होणारे आणि न होणारे असे कार्बनचे दोन वर्ग तिने पाडले. ही विभागणी आजही पुस्तकांत शिकवतात. पोलाद वितळवणाऱ्या आर्क फर्नेसच्या इलेक्ट्रोडला पहिल्या वर्गातला कार्बन लागतो. तुमच्या खिशातल्या मोबाइलच्या लिथियम-आयन बॅटरीत ग्रॅफाइट असतं. आणि ज्या सोडियम-आयन बॅटरीची सध्या एवढी चर्चा आहे तिच्यात दुसऱ्या वर्गातला, न बधणारा हार्ड कार्बन वापरतात, कारण सोडियम ग्रॅफाइटच्या थरांत नीट शिरत नाही पण हार्ड कार्बनमध्ये त्याला जागा सापडते. एका मुलीने सत्तरहून जास्त वर्षांपूर्वी केलेली वर्गवारी आपण रोज चार्जरला लावतो आहोत!

आता डीएनएकडे येऊ. जानेवारी १९५१ मध्ये ती लंडनच्या किंग्ज कॉलेजात आली. पुसट चित्रं वाचण्यात तरबेज असलेली व्यक्ती तिथे हवीच होती, कारण डीएनएचे धागेही परिपूर्ण स्फटिक नसतात. पण विभागप्रमुख रँडल यांनी तिला एक सांगितलं आणि आधीपासून डीएनएवर काम करणाऱ्या मॉरिस विल्किन्स यांची समजूत वेगळीच राहिली. हे काम कोणाचं, याचाच घोळ. दोघांचे स्वभावही दोन टोकांचे. ती समोरासमोर वाद घालणारी, ते गप्प होणारे. शेवटी बोलणं जवळपास बंदच झालं.

तिथे तिने पहिल्यांदा काय केलं ठाऊक आहे? मिठांच्या द्रावणांचा उपयोग करून धाग्याभोवतीच्या हवेतला दमटपणा काटेकोर ठेवला. त्यातून दिसलं की डीएनएची दोन रूपं आहेत. कोरडेपणात ए, दमटपणात बी. पाणी शोषलं की धागा लांबतो आणि रचना बदलते. पाणी इतक्या सहज आतबाहेर करतं, याचा अर्थ पाणी ज्यांना आवडतं ते फॉस्फेटचे गट रेणूच्या बाहेरच्या अंगाला असले पाहिजेत, हे तिने ओळखलं. बघा, पद्धत तीच! कोळशाच्या छिद्रात कोण शिरतं आणि डीएनएच्या धाग्यात पाणी कसं शिरतं, प्रश्न एकाच जातीचा.

मे १९५२ मध्ये तिने आणि तिचा विद्यार्थी रेमंड गॉसलिंग याने बी रूपाचा तो ५१ नंबरचा फोटो मिळवला. साठ तासांहून जास्त एक्सपोजर! पुढची गोष्ट सर्वांना माहीत आहे. जानेवारी १९५३ मध्ये विल्किन्स यांनी तो फोटो तिला न विचारता जेम्स वॉटसन यांना दाखवला. तिची मोजमापं असलेला एक अहवालही मॅक्स पेरुत्झ यांच्यामार्फत फ्रान्सिस क्रिक यांच्यापर्यंत पोचला. २५ एप्रिल १९५३ च्या नेचरमध्ये तीन पेपर एकत्र आले. पहिला वॉटसन-क्रिक यांचा, तिसरा फ्रँकलिन-गॉसलिंग यांचा. वाचणाऱ्याला वाटावं, तिने नुसता दुजोरा दिला. खरं तर तिचाही मसुदा त्याच मार्च महिन्यात तयार होता आणि ती उत्तराच्या अगदी जवळ पोचली होती.

हा अन्याय होता का? माझ्या मते होता. पण तिला फोटो कळलाच नाही आणि तिची नुसती फसवणूक झाली, असं म्हणणं हाही तिच्यावर दुसरा अन्याय आहे. २०२३ मध्ये मॅथ्यू कॉब आणि नथॅनिएल कम्फर्ट या दोघांनी जुनी कागदपत्रं तपासून हेच मांडलं, की या शोधातल्या चौघांपैकी ती एक होती, बरोबरीची.

आणि त्या रचनेतही ग्रॅफाइटसारखीच खुबी आहे. डीएनएच्या कण्यात भक्कम कोव्हॅलंट बंध आणि दोन साखळ्यांच्या मधे कमजोर हायड्रोजन बंध. म्हणून लाखो पायऱ्यांचा हा रेणू सहजासहजी तुटत नाही, पण गरज पडली की चेनसारखा उघडतो. तो उघडतो म्हणून त्याची नक्कल होते. कुठे बंध पक्का हवा आणि कुठे सैल, यावर पेन्सिलही चालते आणि आपणही!

मार्च १९५३ मध्ये ती बर्नाल यांच्या बर्कबेक कॉलेजातल्या लॅबमध्ये गेली. तिथे तिने तंबाखूच्या पानांवर रोग पाडणाऱ्या विषाणूचं काम हाती घेतलं. हा विषाणू म्हणजे एक पोकळ काठी. प्रोटीनचे तुकडे गोल जिन्यासारखे रचलेले, तीन वेढ्यांत ४९. त्याचा आरएनए मधल्या पोकळीत नसून प्रोटीनच्या भिंतीत, मध्यापासून ४० अँगस्ट्रॉमवर गुंतलेला आहे, हे तिने दाखवलं. इथे तिला ॲरन क्लुग यांच्यासारखा चांगला सहकारी मिळाला. या वेळी टीम छान जमली.

पण १९५६ मध्ये तिला ओव्हरीचा कॅन्सर असल्याचं निदान झालं. ऑपरेशनं झाली. अधूनमधून बरं वाटलं की ती परत लॅबमध्ये हजर. याच काळात तिने पोलिओच्या विषाणूचं काम सुरू केलं. १६ एप्रिल १९५८ रोजी लंडनमध्ये ती गेली. वय फक्त ३७. दुसऱ्याच दिवशी ब्रसेल्सचं जागतिक प्रदर्शन उघडलं आणि त्यात तिच्या विषाणूचं मॉडेल मांडलेलं होतं.

१९६२ चं नोबेल वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळालं. १९८२ चं रसायनशास्त्राचं नोबेल क्लुग यांना मिळालं, ज्या कामाची सुरुवात त्यांनी रोझालिंडबरोबर केली होती. २०१९ मध्ये मंगळावर पाठवायच्या युरोपीय रोव्हरला तिचं नाव दिलं गेलं.

लोक हळहळतात, नोबेल हुकलं म्हणून. मला तिच्याबद्दल दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. कोळसा, डीएनए, विषाणू हे तीन विषय आपल्याला तीन वेगळ्या बिल्डिंगमध्ये शिकवले जातात. तिच्या दृष्टीने तो एकच विषय होता. आत काय कशाला जोडलंय ते बघा, मग तो पदार्थ असा का वागतो ते कळेल. आणि ही नजर तिला कुठे मिळाली? कोणालाच नको असलेल्या काळ्या, पुसट, कंटाळवाण्या विषयात. कोळशाची आठ वर्षं नसती तर तो फोटो निघाला नसता.

थोड्याच दिवसांत प्रोजेक्टचे टॉपिक वाटले जातील. दरवर्षीप्रमाणे दोन-चार ग्रुपच्या वाट्याला फ्लाय ॲश नाहीतर गंजलेले बोल्ट येतील, आणि ते ग्रुप मेसमध्ये तोंड पाडून बसतील. त्यांनी निदान एकदा रोझालिंडची आठवण काढावी. सेकंड क्लास, गाईडशी न पटलेलं आणि टॉपिक कोळसा. पुढचं आपण वाचलंच आहे.